एकाच भिंतीची दोन मापं

घर बांधायला काढलं म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला. "काय दरानं दिलंय?" मग विचारणारा स्वतःचा दर सांगतो, मेव्हण्याचा सांगतो, तुम्ही चौरस फुटामागं दहा रुपये जास्त मोजताय असं ऐकवतो आणि चहा पिऊन निघून जातो. "मोजणार कसं?" हे मात्र कुणी विचारलेलं मला आठवत नाही. मी गेली दोन वर्षं जो भेटेल त्याला तेच विचारत सुटलेय. घरातली पोरं मला आता 'टेपवाली आत्या' म्हणतात. म्हणू देत. आज याच विषयावर जरा तिखट लिहिणार आहे, ज्यांना झेपणार नाही त्यांनी ताक घेऊन बसावं.

हिशोब तिसरीतल्या मुलाला कळेल इतका सोपा आहे. बिल म्हणजे दर गुणिले माप. या दोन आकड्यांपैकी एकावर आपण जीव तोडून घासाघीस करतो आणि दुसरा समोरच्याच्या हातात सोपवून मोकळे होतो. किराणा दुकानात साखरेचा भाव दोन रुपयांनी उतरवून घ्यायचा आणि किलो म्हणजे किती हे दुकानदारानं ठरवायचं, असं कुणी चालवून घेईल का? घराच्या बाबतीत मात्र आपण चालवून घेतो. आयुष्यात एकदाच करायचा, सगळी पुंजी ओतून वर कर्ज काढायचा व्यवहार, आणि त्यात माप कुणाचं हेच ठाऊक नाही.

माझ्या भाच्याची, म्हणजे भावाच्या मुलाची गोष्ट सांगते, म्हणजे मी हवेत बोलत नाही हे कळेल. त्यांचं जुनं घर पंचगंगेपासून फार लांब नव्हतं. २०१९ च्या पुरात पाणी आत आलं, २०२१ ला पुन्हा आलं. दुसऱ्यांदा गाळ उपसल्यावर सुनेनं निक्षून सांगितलं की आता इथं नाही. मग कळंब्याच्या बाजूला उंचावर प्लॉट घेऊन बांधायला काढलं. ठेकेदाराशी स्टॅम्प पेपरवर करार झाला. विटकामाचा दर वेगळा, गिलाव्याचा वेगळा, रंगाचा वेगळा, सगळं पैशापर्यंत लिहिलेलं. मापाबद्दल एकच ओळ. "मोजमाप प्रचलित पद्धतीप्रमाणे राहील."

मराठी शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे कर्ता नसलेली वाक्यं मला लगेच टोचतात. प्रचलित म्हणजे कुठे प्रचलित? कुणात? मोजणार कोण? ठेकेदाराचं नाव इथं घालणार नाही, कारण हा काही त्याच्या एकट्याचा शोध नव्हे. हीच ओळ मी नंतर आणखी चार-पाच करारांत वाचली आहे.

गिलाव्याचं बिल आलं तेव्हा भाच्यानं मला बोलावलं. भिंतीची लांबी गुणिले उंची, असं सगळ्या खोल्यांचं होतं. दारं-खिडक्यांची वजावट शून्य. ठेकेदाराला विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, "बाई, दारा-खिडक्यांच्या कडा करायला लागतातच की. तिथंच तर जास्त वेळ जातो. म्हणून ते वजा करायचं नसतं, प्रचलित पद्धत आहे." आता यात खोटं काही नाही बरं का. ओळंबा धरून कडेची सरळ धार काढणं हे सपाट भिंतीवर थापी फिरवण्यापेक्षा अवघड काम आहे. मी मान हलवली.

संध्याकाळी गवंडी हात-पाय धूत होते. त्यांनी गिलावा ठेकेदाराकडून उक्ता घेतला होता, चौरस फुटावर. सहज विचारलं, तुमचं माप कसं धरतात हो? ते म्हणाले, "आमचं दारं-खिडक्या सोडून धरत्यात बाई. जिथं गिलावाच न्हाई त्येचं पैसं कशाचं, म्हणत्यात."

"आणि कडा?"

"कडा त्यातच आल्या."

म्हणजे पाहा. भिंत तीच, गिलावा तोच, हात त्याच माणसाचे. मालकाला बिल लावताना खिडकी भरीव आणि गवंड्याला पैसे देताना खिडकी पोकळ! मालकाला सांगायचं की कडांना कष्ट पडतात, आणि ज्यानं ते कष्ट केले त्याला सांगायचं की कडा त्यातच आल्या.

मी वहीत आकडे मांडले. नऊ दारं, सरासरी साडेतीन फूट बाय सात. अकरा खिडक्या, चार बाय चार. दारांचे २२०.५ आणि खिडक्यांचे १७६, मिळून ३९६.५ चौरस फूट मोकळी जागा. भिंतीला अंगं दोन, म्हणून दोन्हीकडची मिळून ७९३. मालकाच्या बिलात हे ७९३ चौरस फूट धरलेले, गवंड्याच्या मापात गाळलेले.

आता नियम काय सांगतो ते बघा, कारण नियम आहे. 'मापं कशी घ्यावीत' यावर भारतीय मानक ब्युरोचं आयएस १२०० नावाचं मानकच आहे. पहिल्यांदा ते १९५८ साली आलं, १९६४ साली सुधारलं, आणि पुढे एकेका कामासाठी वेगळा असे त्याचे २८ भाग झाले. मातीकामाचा पहिला, काँक्रीटचा दुसरा, विटकामाचा तिसरा. गिलाव्याचा बारावा. त्यात सरळ लिहिलंय की अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं (म्हणजे साधारण ५.४ चौरस फूट) भोक असेल तर काहीच वजा करायचं नाही आणि त्याच्या कडांचेही वेगळे पैसे नाहीत. त्याहून मोठं पण ३ चौरस मीटरपर्यंत (साधारण ३२.३ चौरस फूट) असेल तर भिंतीच्या एकाच अंगाचं वजा करायचं, दुसऱ्या अंगाचं नाही, आणि कडा वेगळ्या मोजायच्या नाहीत. त्याहूनही मोठं असेल तर दोन्ही अंगांचं वजा करायचं आणि कडा रीतसर मोजून त्यांचे पैसे द्यायचे. आतला आणि बाहेरचा गिलावा वेगळ्या प्रकारचा असला तर कुठल्या बाजूनं वजा करायचं, त्याचंही कलम आहे, ते इथं सोडते.

हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं, हे एक अंग-दोन अंग कुठून काढलं? मग खिडकी घेऊन मांडलं. चार बाय चारची खिडकी एका अंगानं १६ चौरस फूट. तिच्या चार कडा मिळून १६ फूट लांब, भिंत नऊ इंची, म्हणजे कडांचा गिलावा १२ चौरस फूट. त्यातून चौकटीखाली जाईल तेवढं कमी. म्हणजे दुसऱ्या अंगाचे जे १६ फूट वजा केले नाहीत, त्यात कडांचे १२ भरून निघाले आणि अवघड कामाची थोडी भरपाईही झाली. कुणीतरी डोकं लावून, दोन्ही बाजूंचा विचार करून घातलेला नियम आहे हा! आमच्या भाच्याच्या घराला तो लावला तर वजावट ३९६.५. ठेकेदारानं मालकाला दिली होती शून्य आणि गवंड्याची कापली होती ७९३. नियम बरोबर मध्यावर येतो.

पैशात सांगायचं तर समजा मालकाचा दर पन्नास रुपये धरला, तर १९,८२५ रुपये जास्त गेले. गवंड्याचा वीस धरला, तर त्याचे ७,९३० बुडाले. एका साध्या घराच्या एका कामात. त्यानंतर रंग आहे, फरशी आहे, खिडक्यांचं ग्रिल आहे.

भाच्याच्या ओळखीचे एक इंजिनियर आहेत, त्यांच्याकडे हे घेऊन गेले. भला माणूस. हसून म्हणाले, "बाई, आयएस १२०० आम्हाला डिप्लोमाला होतं. पण ते सरकारी कामाला असतं हो, घरगुती कामाला कोण लावतंय?" मला याचा राग आला आणि अजून गेलेला नाही. परीक्षेत दहा मार्कांना लिहायचं आणि आयुष्यभर कपाटात ठेवायचं असं हे ज्ञान. सरकारकडे इंजिनियर आहेत, लेखापरीक्षक आहेत, वकील आहेत. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, जो पहिल्यांदा आणि शेवटचं घर बांधतोय, त्याला नियमाची गरज जास्त की सरकारला?

इंग्लंडमध्येही कधीकाळी हाच गोंधळ होता. प्रत्येक मोजणीदाराची आपली पद्धत. शेवटी मोजणीदारांच्या आणि बांधकाम व्यावसायिकांच्या संघटना एकत्र बसल्या आणि १९२२ साली मोजमापाची प्रमाण पद्धत छापून निघाली. तिच्या पुढे सात आवृत्त्या झाल्या, आता तिची जागा नव्या नियमांनी घेतलीय. सांगायचा मुद्दा हा की तिथं नियम फक्त सरकारनं वरून लादला नाही, बांधणाऱ्यांनाही तो हवा होता. नियम नसला की जो प्रामाणिकपणे वजावट करतो त्याचा दर कागदावर महाग दिसतो आणि काम लबाडाला मिळतं. आमच्याकडच्या चांगल्या ठेकेदारांनी याचा विचार करावा. ते आहेत, मी भेटलेय.

सरकारी कामात मोजमाप पुस्तक असतं, ज्याला सगळे एमबी म्हणतात. माझ्यासारख्या शाळेतल्या बाईला ते बघून घरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं. अगदी आमचं जनरल रजिस्टर! पानांना क्रमांक, एकही पान फाडायचं नाही, खाडाखोड चालत नाही, चुकलं तर रेघ मारून शेजारी सही करून लिहायचं. लांबी, रुंदी, उंची, वजा काय, बाकी काय, सगळं ओळीनं. आता कुणी म्हणेल, एवढं सगळं असूनही सरकारी रस्ते पहिल्या पावसात वाहून जातातच ना? जातात. पण त्या पुस्तकात खोटं लिहिलं तर ते खोटं म्हणून पकडता येतं, २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली त्याची प्रत मागता येते. 'प्रचलित पद्धती'ची प्रत कुठे मागू? तिथं खोटं ठरवायलाच काही लिहिलेलं नाही.

"आम्ही माणूस बघून काम देतो, विश्वासावर चालतं," हे आणखी एक कोल्हापुरी उत्तर. विश्वासाला माझा विरोध नाही. पण पावसाळ्यात आपण सगळे काय करतो? राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आहे ते तासातासाला बघतो. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे इथल्या पोराटोरांना पाठ आहे. कुणी म्हणत नाही की मला तर बुवा पाणी कमी वाटतंय. पट्टी एक, शून्य एक, म्हणून त्या आकड्यावर लोक सामान माळ्यावर चढवतात, जनावरं हलवतात. नदीला पट्टी लागते आणि ठेकेदाराला विश्वास पुरतो?

बरं, माप कशात घ्यायचं हाही एक तमाशाच आहे. १९५६ साली कायदा झाला, साठच्या दशकाच्या सुरुवातीला मेट्रिक मापं सक्तीची झाली. माझी पिढी त्या बदलातच शाळेत गेली. आजोबा पावकी-निमकी म्हणायला लावायचे आणि शाळेत गुरुजी दशांश चिन्ह शिकवायचे. पुढे मी स्वतः पाचवी-सहावीच्या वर्गांना मीटर, लिटर, घनमीटर शिकवत आले. २००९ चा वैध मापनशास्त्राचा कायदा तर सांगतो की मेट्रिक सोडून दुसऱ्या मापात भावसुद्धा सांगायचा नाही. आणि वाळू? ब्रासमध्ये. खडी ब्रासमध्ये, मुरूम ब्रासमध्ये. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. त्यातही गंमत अशी की गिलाव्याला किंवा फरशीला ब्रास म्हटलं की ते १०० चौरस फूट होतं. एकच शब्द, एकदा घनफळ, एकदा क्षेत्रफळ! माझ्या वर्गात एखाद्यानं असं लिहिलं असतं तर मी वहीवर लाल गोल केला असता. आणि हे फक्त गवंड्यांचं नाही. २०२३ च्या वाळू धोरणात खुद्द सरकारनं दर जाहीर केला तो ६०० रुपये ब्रास असाच.

मला ब्रासचं वाकडं नाही. बोलीतली मापं जुनी असतात, जिभेवर बसलेली असतात. शिवशाहीत जमीन मोजायला पाच हात पाच मुठींची काठी ठरवली होती, तीही हाता-मुठीतलीच. पण ती ठरवली होती. मोजणाऱ्याचा हात लांब की आखूड यावर ठेवली नव्हती. आजचा ब्रास मात्र ट्रकच्या हौद्यात मोजतात, आणि हौद्याची उंची आतून धरायची की बाहेरून, वरचा ढीग धरायचा की सपाट करून, हे पुन्हा प्रचलित पद्धतीवर.

त्यात वाळू ओली असली तर आणखी. हे कुणालाही घरी करून बघता येईल. काचेच्या ग्लासात कोरडी वाळू घ्या, थोडंसं पाणी शिंपडून कालवा आणि पुन्हा भरा. वाळू वाढलेली दिसेल. ओलसर वाळू पाव हिश्शानं, कधी त्याहूनही जास्त फुगते, कारण कणांभोवती पाण्याचा पापुद्रा बसतो आणि कण एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. आता त्यावर पाणी पूर्ण भरा, वाळू पुन्हा खाली बसेल. म्हणजे ट्रकभर ओलसर वाळूतला पाव भाग हवा असू शकतो, आणि तिचे आपण ब्रासच्या भावानं पैसे देतो. आमच्याकडे पावसात आणलेली वाळू, तुम्हीच विचार करा. हल्ली नदीच्या वाळूऐवजी खाणीतल्या दगडाची क्रश सँड येते, तिचंही तसंच.

मातीकामाचं उलटं. जोत्याचा पाया खणला की निघालेली माती सुटी होऊन फुगते. म्हणून खड्ड्याचं माप घ्यायचं, ढिगाचं नाही. ही अगदी पहिल्या भागातली गोष्ट. तरी ढीग दाखवून बिल लावणारे महाभाग आहेत. काँक्रीटमध्ये आतल्या सळ्यांचं घनफळ वजा करायचं नाही, विटकामात ०.१ चौरस मीटरपर्यंतचं भोक सोडून द्यायचं, असे बारीकसारीक नियम आहेत आणि ते बहुतेक ठेकेदाराच्या सोयीचेच आहेत. दाराच्या रंगाचं तर मला फार आवडलं. पॅनेलच्या दाराला खाचा आणि उंचवटे असतात, म्हणून त्याचं क्षेत्रफळ प्रत्येक बाजूला १.३० नं गुणायचं. रंगाऱ्याच्या ब्रशला किती वळावं लागतं याचासुद्धा हिशोब! त्याच रंगाऱ्याला आमच्याकडे "दार म्हणजे दार" म्हणून सपाट धरतात, आणि मालकाला दोनानं गुणून वर थोडं.

आता स्लॅबच्या दरानं सगळं घर देण्याची पद्धत आहे, म्हणजे जितका स्लॅब तितक्या चौरस फुटांचे पैसे. ऐकायला सोपं. पण छज्जा त्यात धरायचा का, पूर्ण की अर्धा? जिना खालच्या मजल्यात मोजला तो वरच्यातही मोजायचा का? पाण्याची टाकी, जिन्यावरची खोली, कंपाउंडची भिंत? प्रत्येक ठेकेदाराचं उत्तर वेगळं, आणि ते पाया भरल्यावर कळतं, जेव्हा माघार घ्यायची सोय राहिलेली नसते.

फ्लॅटवाल्यांनी हसू नये. कार्पेट, बिल्टअप, सुपर बिल्टअप या तिघांनी तुम्हालाही वर्षानुवर्षं नाचवलंय. महाराष्ट्रात १९६३ साली फ्लॅटचा कायदा झाला, तरी जिन्यातला आणि लॉबीतला आपला 'हिस्सा' धरून फ्लॅट विकले जातच राहिले. २०१६ च्या रेरा कायद्यानं कार्पेट क्षेत्राची व्याख्या एकदाची बांधली. बाहेरच्या भिंती वगळायच्या, बाल्कनी आणि गच्ची वगळायची, आतल्या भिंती मात्र धरायच्या. आतल्या भिंतीखाली चटई कशी जाते, असं कुणी विचारलंच तर माझ्याकडे उत्तर नाही. पण महत्त्वाचं ते नाहीच. कोल्हापुरात, पुण्यात, नागपुरात ती व्याख्या एकच आहे, आणि म्हणून दोन फ्लॅटचे दर शेजारी ठेवून बघता येतात. (जाता जाता, एफएसआयला 'चटई क्षेत्र निर्देशांक' असा मराठी शब्द ज्या कुणी घडवला त्याला माझा कोपरापासून नमस्कार. त्या निर्देशांकाचा या चटईशी काही संबंध नाही, आणि त्या एका शब्दापायी किती जणांचा घोळ झाला असेल देव जाणे.)

मला हे सगळं इतकं का लागतं, ते सांगते. १९७२ च्या दुष्काळात मी विशीत होते. सांगली जिल्ह्याच्या पूर्वभागात आमच्या नात्यातले लोक होते, तिकडे जाणं व्हायचं. रस्त्याच्या कडेनं बायका खडी फोडत बसलेल्या, तान्ही पोरं पाटीच्या सावलीला. मजुरी कामाच्या मापावर. आठवड्यानं ढिगाचं माप व्हायचं, आणि त्या वेळचा त्या बायकांचा चेहरा मी विसरलेले नाही. ढिगाची उंची शेंड्याला धरायची की मध्यावर? कडेला पसरलेली खडी आत धरायची की सोडायची? टेप धरणाऱ्याचा हात वीतभर इकडे-तिकडे झाला की भाकरी कमी. त्या बायकांना दर विचारायची सोय नव्हती, तो सरकारनं ठरवलेला. त्यांचं सगळं आयुष्य मापावर अडकलं होतं, आणि मापाचा नियम त्यांना कुणी वाचून दाखवलेला नव्हता. त्याच दुष्काळातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली, तिचा १९७७ चा कायदा झाला, त्याचं कौतुक देशभर झालं आणि ते योग्यच होतं. पण ढीग कसा मोजायचा ते मराठीत, मोठ्या अक्षरात, कामाच्या ठिकाणी लावलेलं मी तरी तेव्हा पाहिलं नाही.

आजही तीच तक्रार आहे. भारतीय मानक ब्युरोच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की आयएस १२०० चे भाग फुकट वाचता येतात. भाच्याच्या मुलीनं मला काढून दिले. इंग्रजीत. शब्दकोश मांडीवर घेऊन मी चार भाग वाचले, आठवडे गेले. मी मराठी माध्यमात बीए झालेली बाई, मला वेळ आहे आणि चिकाटीही आहे. आमच्या गवंड्यानं काय करावं? ज्याच्या मजुरीचा हा नियम आहे, त्याच्या भाषेत तो नाही. आपल्याकडे भाषेचे दिवस साजरे होतात, पाट्यांवरून भांडणं होतात, विद्यापीठांतून परिभाषेचे कोश निघतात. गिलाव्याच्या मापाचा नियम मराठीत एका पानावर छापून सिमेंटच्या दुकानात टांगावा, हे कुणालाच सुचू नये? पानभराचंच काम आहे. घरगुती बांधकामाला २८ भाग लागत नाहीत, पाच-सहा पुरतात.

भाच्याच्या बिलाचं काय झालं ते राहिलंच. मी आकडे दाखवल्यावर ठेकेदार आधी चिडला, मग हिशेबाला बसला आणि एका अंगाची वजावट मान्य केली. मी म्हटलं, हाच नियम गवंड्यांनाही लावा, त्यांचंही एकच अंग वजा करा. तो म्हणाला, "बाई, तो माझा आणि त्यांचा व्यवहार आहे." भाचा म्हणाला, आत्या, जाऊ दे आता, काम अर्धं राहिलंय. गवंड्यांनी माझ्यासमोर काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या मोठ्या मुलाला, तोही हाताखाली काम करतो, वहीतलं पान फाडून दिलं. अर्धा चौरस मीटर, तीन चौरस मीटर, एक अंग, दोन अंगं, खिडकीचं चित्र काढून. त्यानं मोबाईलवर त्याचा फोटो काढला आणि पान घडी करून खिशात ठेवलं. पुढच्या कामावर तो ते दाखवील का, आणि दाखवलं तर काम मिळेल का, यातलं दुसरं मला जास्त छळतं. मालक म्हणून आपण करारात लिहून घेऊ शकतो की आमचं जे माप तेच मजुराचं. तेवढी एक ओळ. आपल्याला त्यात पैसा पडत नाही.

परवा सांगलीच्या पुतणीनं तिच्या घराच्या कराराचा मसुदा वाचायला पाठवला. दर सगळे नीट घासून घेतलेत तिनं, हुशार आहे. तिसऱ्या पानावर, अगदी खाली, "मोजमाप प्रचलित पद्धतीप्रमाणे राहील." लाल पेनानं ती ओळ खोडून वर लिहिलं, "मोजमाप आयएस १२०० प्रमाणे, मालक, ठेकेदार आणि गवंडी यांच्यासमोर, एकाच वहीत," आणि मसुदा परत पाठवलाय. तिचा निरोप आला की ठेकेदार बघतो म्हणालाय.